जिवाणूंच्या पोटातील कात्र्या : आरएनए तोडणाऱ्या विकरांच्या शोधाची कथा

धागा 🧵

(१)
१९८९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक सिडनी ऑल्टमन आणि थॉमस चेक या दोघांना विभागून देण्यात आले. प्रथिनांखेरीज आरएनए हा रेणूही विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, काम करू शकतो हे त्यांनी सिद्ध केले होते. यांपैकी ऑल्टमन यांचा पुरावा माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय या साध्या जिवाणूतून आला होता. त्या जिवाणूत आरएनए कापणारी एक कात्री होती, आणि ती कशाची घडली आहे हे ठरवायला एक तपाहून अधिक काळ लागला.

(२)
या कात्रीच्या मागेपुढे आणखी डझनभर कात्र्यांचा इतिहास आहे. त्यात चुकीच्या जागी सापडलेला साक्षीदार आहे, उलटे वाचले गेलेले नोबेल आहे, दोन नावांनी वावरणारे एकच जनुक आहे आणि शेवटी भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलेली मोहरीही आहे. राजेरजवाड्यांचा इतिहास वाचणाऱ्याला यातील पेच परके वाटणार नाहीत. पुरावा कोणाचा, तो कुठून आला आणि त्याचा अर्थ कोणी लावला, हेच प्रश्न येथेही आहेत.

(३)
प्रथम पार्श्वभूमी. पेशीतील मूळ दस्तऐवज म्हणजे डीएनए. तो दप्तरखान्यातून सहसा हलत नाही. कामापुरती त्याची नक्कल काढली जाते, ती आरएनए. एका प्रकारचा आरएनए प्रथिन कसे बांधायचे याचा हुकूम घेऊन जातो, दुसरा अमिनो आम्ले वाहून आणतो, तिसरा रायबोसोम या प्रथिनांच्या कारखान्याचा सांगाडा बनतो. यांतील बहुतेक आरएनए आधी लांबलचक तयार होतात आणि मग कापून नेमक्या मापाचे केले जातात. हुकमाचे काम झाले की तो फाडून टाकावा लागतो. कापण्याचे आणि फाडण्याचे काम करणाऱ्या विकरांना रायबोन्यूक्लिएज किंवा थोडक्यात आरएनेज म्हणतात.

(४)
प्रयोगशाळांना मात्र हे विकर शत्रूसमान वाटते. पनवेल तालुक्यात, खारघरला, टाटा मेमोरियल केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधन संस्था आहे. तेथे काय किंवा जगातील कोणत्याही रेणवीय जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काय, आरएनए हाताळणारा विद्यार्थी पहिल्या दिवशी एकच धडा शिकतो : हातमोजे घाला, आरएनएसाठी भांडी वेगळी ठेवा. माणसाच्या त्वचेवरही आरएनेज असते. उघड्या बोटाचा एक स्पर्श आणि आठवड्याची मेहनत पाण्यात. ज्या विकराला आज इतके जपून दूर ठेवले जाते, त्याला आधी ओळखावे लागले होते.

(५)
ही ओळख जिवाणूत झाली नाही, बैलाच्या स्वादुपिंडात झाली. १९२० मध्ये अमेरिकेत वॉल्टर जोन्स यांनी स्वादुपिंडातील एका उष्णतेला न जुमानणाऱ्या, आरएनए फोडणाऱ्या द्रव्याची नोंद केली. १९३८ मध्ये रने द्युबो आणि थॉम्पसन यांनी त्यावर काम केले. १९४० मध्ये मोझेस कुनिट्झ यांनी त्याचे स्फटिक मिळवले. हे विकर लहान, टिकाऊ आणि कत्तलखान्यातून मुबलक मिळणारे. १९५० च्या दशकात आर्मर या मांस कंपनीने ते मोठ्या प्रमाणात शुद्ध करून संशोधकांना पुरवले. प्रथिनाची घडी कशी पडते हे याच विकरावरून उमगले आणि १९७२ चे रसायनाचे नोबेल अन्फिन्सेन, मूर व स्टाइन यांना मिळाले.

(६)
जिवाणूंकडे लक्ष वळले ते १९५० च्या दशकाच्या अखेरीस. इस्राएलमधील वाइझमन संस्थेत डेव्हिड एल्सन ई. कोलायच्या रायबोसोमांचा अभ्यास करीत होते. १९५८ मध्ये त्यांनी एक विचित्र निरीक्षण प्रसिद्ध केले. अखंड रायबोसोम शांत असतो, पण त्याची मोडतोड केली की त्यातून आरएनए तोडणारे विकर जागे होते. म्हणजे कारखान्याच्या भिंतीतच कारखाना पाडणारी सुरी लपवलेली! या विकराला पुढे आरएनेज-१ हे नाव मिळाले. ते रायबोसोमवर काय करीत असावे, यावर पुढची काही वर्षे तर्क चालले.

(७)
१९६४ मध्ये हॅरल्ड न्यू आणि लिऑन हेपल यांनी जिवाणूची बाहेरची भिंत अलगद काढली आणि आतले पटल शाबूत ठेवले. तेवढ्यानेच आरएनेज-१ भोवतालच्या द्रवात बाहेर आले. याचा अर्थ ते रायबोसोमवर नव्हतेच. ते पेशीच्या दोन आवरणांमधल्या पोकळीत राहत होते. संशोधक पेशी फोडत, तेव्हा सगळा ऐवज एकत्र मिसळे आणि हे विकर रायबोसोमला जाऊन चिकटे.

(८)
इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे क्षणभर थांबावे. उत्खननात एखादे नाणे खालच्या थरात सापडले म्हणून ते त्या थराच्या काळाचे ठरत नाही. उंदराच्या बिळातून ते वरून खाली घसरलेले असू शकते. एल्सन यांचे निरीक्षण खरे होते, विकरही खरे होते. ते जिथे सापडले ती जागा मात्र पेशी फोडण्याच्या पद्धतीने निर्माण केली होती. साधन स्वतः पुरावा हलवते, ही गोष्ट पुरातत्त्वाइतकीच जीवरसायनशास्त्रालाही लागू पडते.

(९)
आरएनेज-१ ची पीडा एवढी होती की ते नसलेला जिवाणू मिळवणे ही गरज बनली. हार्वर्डमध्ये रेमंड गेस्टलँड यांनी उत्परिवर्तन घडवलेल्या असंख्य वसाहती तपासून हे विकर हरवलेले वाण वेगळे काढले आणि १९६६ मध्ये ते प्रसिद्ध केले. हे वाण उत्तम जगत होते. त्यातून दोन निष्कर्ष निघाले. एक, आरएनेज-१ जिवाणूच्या रोजच्या जगण्याला आवश्यक नाही. दुसरा अधिक महत्त्वाचा : हे विकर नसतानाही पेशीतला आरएनए कापला जातोच आहे. म्हणजे खऱ्या कात्र्या अजून सापडायच्या होत्या.

(१०)
एक कात्री तर हातात असूनही ओळखली गेली नव्हती. १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सेव्हेरो ओचोआ यांच्या प्रयोगशाळेत मारियान ग्रुनबर्ग-मानागो यांना ॲझोटोबॅक्टर या मातीतील जिवाणूत एक विकर सापडले. परीक्षानळीत ते सुटे घटक जोडून आरएनएची साखळी बनवत होते. आरएनए बनवणारे विकर सापडले, असा जयघोष झाला. १९५९ मध्ये ओचोआ यांना नोबेल मिळाले. ग्रुनबर्ग-मानागो यांचे नाव त्या पारितोषिकात नव्हते.

(११)
पुढे कळले की जिवंत पेशीत हे विकर बहुतांशी उलट्या दिशेने चालते. आरएनएच्या टोकाकडून एकेक घटक तोडत जाणे हे त्याचे काम. आरएनए बनवणारे खरे विकर निराळेच निघाले. तरीही या गैरसमजातून भले मोठे काम झाले. याच विकराने बनवलेला कृत्रिम आरएनए वापरून १९६१ मध्ये निरेनबर्ग आणि मातै यांनी जनुकीय संकेतलिपीचे पहिले अक्षर वाचले. तोडणारे विकर जोडणारे म्हणून वापरले गेले आणि लिपी उलगडली.

(१२)
१९६१ सालीच आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. ब्रेनर, जेकब आणि मेसेल्सन यांनी, तसेच ग्रो व वॉटसन यांच्या गटाने, संदेशवाहक आरएनएचे अस्तित्व दाखवले. जिवाणूत हा हुकूम काही मिनिटेच टिकतो. अन्न बदलले की जुने हुकूम रद्द आणि नवे जारी. एवढ्या झपाट्याने हुकूम फाडणारा कोणीतरी पेशीत सतत कामावर असला पाहिजे. त्याचा शोध आता प्रश्नपत्रिकेवर आला.

(१३)
१९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात ह्यू रॉबर्टसन, वेबस्टर आणि नॉर्टन झिंडर यांनी ई. कोलायमधून आरएनेज-३ शुद्ध केले. याची आवड वेगळी होती. आरएनएच्या दोन साखळ्या परस्परांना वेटाळून जिथे दुहेरी दोर बनतो, तिथेच ते वार करी. १९७३ मध्ये आरएनेज-३ गमावलेले वाण हाती आले. त्यात रायबोसोमचा आरएनए न कापता लांबच्या लांब साठून राहिलेला दिसला. त्याच सुमारास डन आणि स्टडियर यांनी टी-७ या जिवाणुभक्षक विषाणूचा लांब आरएनए हेच विकर ठराविक जागी कापते हे दाखवले.

(१४)
इथे कल्पना बदलली. तोवर आरएनेज म्हणजे विध्वंसक, असा समज होता. आरएनेज-३ ने दाखवले की कापणे ही घडवण्याचीही क्रिया आहे. शिंपी कापड फाडतो आणि कापतोही, या दोन्हींत जे अंतर, तेच येथे. पुढे २००१ मध्ये प्राण्यांमध्ये ‘डायसर’ हे विकर ओळखले गेले. जनुकांना गप्प करणाऱ्या आरएनए-हस्तक्षेपाच्या यंत्रणेतील ते मुख्य पाते आहे आणि ते आरएनेज-३ च्याच घराण्यातले आहे.

(१५)
आता ऑल्टमन. १९३९ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये जन्म. १९६९ मध्ये ते केंब्रिजच्या एमआरसी प्रयोगशाळेत ब्रेनर आणि क्रिक यांच्याकडे आले. अमिनो आम्ल वाहणाऱ्या आरएनएचे कच्चे रूप पकडण्याचा ध्यास त्यांनी घेतला. अडचण अशी की कच्चे रूप जन्मताच कापले जाते. ऑल्टमन यांनी काही उत्परिवर्ती वाण निवडले, किरणोत्सारी फॉस्फरसने आरएनएवर खूण केली आणि वाढत्या जिवाणूंची क्रिया झटक्यात थांबवून कच्चा आरएनए वाचवला. १९७१ मध्ये ऑल्टमन आणि जॉन स्मिथ यांनी त्याचा संपूर्ण क्रम छापला. पक्क्या आरएनएच्या एका टोकाला ४१ आणि दुसऱ्या टोकाला ३ घटक जास्तीचे होते.

(१६)
मग ते ४१ घटक कोण छाटतो? कच्चा आरएनए हाती असल्यामुळे कात्रीची परीक्षा घेणे सोपे झाले. जिवाणूचा अर्क घाला, जेलवर पट्टी पाहा. पट्टी दोन तुकड्यांत फुटली तर विकर त्या अर्कात आहे. १९७२ मध्ये रॉबर्टसन, ऑल्टमन आणि स्मिथ यांनी असे विकर वेगळे काढले. त्याचे नाव आरएनेज-पी. ते एकाच नेमक्या जागी एकच काप घेत होते.

(१७)
ऑल्टमन १९७१ मध्ये येल विद्यापीठात गेले होते. तेथे आरएनेज-पी शुद्ध करताना एक उपद्रव पुन्हापुन्हा होऊ लागला. विकर कितीही धुतले तरी त्याच्यासोबत एक आरएनए येतच राही. त्या काळातील कोणत्याही जीवरसायनशास्त्रज्ञाने ही अशुद्धी मानली असती. विकर म्हणजे प्रथिन, हे १९२६ मध्ये जेम्स समनर यांनी युरिएजचे स्फटिक मिळवल्यापासून पाठ्यपुस्तकांत पक्के झालेले सूत्र होते.

(१८)
बेंजामिन स्टार्क हे येलमधील संशोधक विद्यार्थी. त्यांनी ही ‘अशुद्धी’ पुसून टाकायचे ठरवले. त्यांनी त्या आरएनएचा नाश करणारे दुसरे विकर घातले. आरएनए गेला, आणि आरएनेज-पीचे कामही थांबले. घनतेच्या प्रयोगातही ते निव्वळ प्रथिनापेक्षा कितीतरी जड निघाले. १९७८ मध्ये स्टार्क, रिशार्ड कोले, बोमन आणि ऑल्टमन यांचा लेख प्रसिद्ध झाला. त्यात दावा मोजून मापून केला होता : या विकराला एक आरएनए घटक अत्यावश्यक आहे. आरएनए स्वतः कापतो, असे त्यांनी म्हटले नाही.

(१९)
एवढ्या दाव्यावरही शंका घेतल्या गेल्या. आरएनए हा फार तर प्रथिनाला आधार देणारा सांगाडा असेल, असे मानणे सोयीचे होते. वस्तुस्थिती अशी होती की या संकुलातील आरएनए ३७७ घटकांचा आणि प्रथिन त्याच्या सुमारे एक दशांश वजनाचे. नऊ वाटे आरएनए आणि एक वाटा प्रथिन, तरी श्रेय त्या एका वाट्याला!

(२०)
१९८२ मध्ये कोलोरॅडोत थॉमस चेक यांच्या गटाने टेट्राहायमेना या एकपेशीय जीवातील एक आरएनए स्वतःचाच मधला भाग कापून काढतो हे दाखवले. हवा बदलली. दरम्यान येलचा गट आणि नॉर्मन पेस यांचा गट मिळून एक अदलाबदल करीत होते : ई. कोलायचा आरएनए आणि बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचे प्रथिन, तसेच उलट. येलमधील सेसिलिया गेरिये-ताकाडा यांच्या तुलनेसाठी ठेवलेल्या नळ्यांत फक्त आरएनए होता, प्रथिन नव्हते. तिथे काहीही घडायला नको होते. पण मॅग्नेशियमचे प्रमाण वाढवलेल्या द्रावणात तो आरएनए एकट्याने कच्चा माल नेमक्या जागी कापू लागला.

(२१)
१९८३ मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात हा निष्कर्ष आला. लेखकांत गेरिये-ताकाडा यांचे नाव पहिले, नंतर गार्डिनर, मार्श, पेस आणि ऑल्टमन. एक आक्षेप उरलाच : पेशीतून काढलेल्या आरएनएला प्रथिनाचा सूक्ष्म अंश चिकटलेला असेल तर? १९८४ मध्ये गेरिये-ताकाडा आणि ऑल्टमन यांनी तोच आरएनए जिवाणूशिवाय, परीक्षानळीत नव्याने बनवला. त्याला त्या प्रथिनाचा स्पर्शच झालेला नव्हता. त्यानेही काप घेतला. वाद मिटला.

(२२)
चेक यांचा आरएनए स्वतःला कापून घेई आणि बदलून जाई. आरएनेज-पीचा आरएनए दुसऱ्याला कापतो, स्वतः तसाच राहतो आणि पुढच्या कामाला लागतो. विकराची व्याख्या हीच. म्हणून जिवाणूतील या कात्रीचे वजन वेगळे आहे. जीवसृष्टीच्या आरंभी माहिती साठवणारा आणि क्रिया घडवणारा रेणू एकच, म्हणजे आरएनए, असावा या तर्काला इथून बळ मिळाले.

(२३)
नोबेलचा प्रकाश जिथे पडला नाही तिथेही काम चालू होते. सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात डेव्हिड ॲपिरियन यांच्या प्रयोगशाळेत एक वाण होते. साध्या तापमानाला ते वाढे; सुमारे ४३ अंश सेल्सियसला मात्र त्याची वाढ थांबे आणि रायबोसोमच्या छोट्या ५-एस आरएनएचे कच्चे, न कापलेले रूप साठून राही. हे काम करणाऱ्यांतली दोन नावे भारतीय वाचकाला ओळखीची वाटतील. १९७८ मध्ये बसंत घोरा आणि ॲपिरियन यांनी हरवलेल्या विकराचा माग काढला. १९७९ मध्ये तपन मिश्रा आणि ॲपिरियन यांनी त्याचे वर्णन केले. त्याचे नाव आरएनेज-ई.

(२४)
याच वर्षांत जपानमध्ये ओनो आणि कुवानो एका निराळ्या वाणाचा अभ्यास करीत होते. तापमान वाढवले की त्यात संदेशवाहक आरएनए नेहमीपेक्षा जास्त काळ टिके. त्या जनुकाला त्यांनी ‘एएमएस’ म्हटले. एक गट रायबोसोमच्या आरएनएच्या घडणीविषयी बोलत होता, दुसरा हुकमांच्या आयुष्याविषयी. एक दशकभर ही दोन निराळी जनुके मानली गेली. १९९०-९१ च्या सुमारास अनेक गटांनी दाखवले की दोन्ही एकच. बखरीत एका नावाने आणि फर्मानात दुसऱ्या नावाने येणारा सरदार एकच निघावा, तसे हे झाले.

(२५)
त्या ओळखीने १९६१ चा प्रश्न सुटला. हुकूम फाडण्याची सुरुवात ई. कोलायमध्ये मुख्यतः आरएनेज-ई करते. १९९४ पासूनच्या कामातून हेही दिसले की ते एकटे नसते. त्याच्या लांब शेपटीवर आरएनएचे वेटोळे सोडवणारे विकर, साखर पचवण्याच्या साखळीतले इनोलेज आणि ओचोआ-ग्रुनबर्ग-मानागो यांचे तेच जुने विकर बसलेले असते. ज्याला बनवणारा समजून गौरवले होते, तो अखेर तोडणाऱ्यांच्या पंक्तीत सापडला. या संपूर्ण संचाला डिग्रॅडोसोम म्हणतात.

(२६)
मात्र ई. कोलाय म्हणजे सारे जिवाणू नव्हेत. बॅसिलस सबटिलिसमध्ये आरएनेज-ई नाहीच. त्याचे काम कोण करतो हे बराच काळ गूढ होते. २००५ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी तेथे आरएनेज-जे ही जोडी ओळखली आणि २००९ मध्ये आरएनेज-वाय समोर आले. काम तेच, कारागीर निराळे.

(२७)
महाराष्ट्रातही या घराण्यावर काम झाले आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली. तेथे व्ही. शंकर यांच्या गटाने शिळ्या पावावर येणाऱ्या रायझोपस या काळ्या बुरशीतील ‘आरएनेज-आरएस’ शुद्ध करून त्याची गुणनिश्चिती केली. गुणनिश्चिती म्हणजे विकराची जणू जन्मकुंडली मांडणे : वजन किती, कोणत्या आम्लतेत व तापमानात ते जोमाने चालते, कोणता धातू त्याला थोपवतो, आरएनएच्या कोणत्या अक्षरापाशी ते काप घेते. नोबेलच्या बातम्यांत हे काम दिसत नाही. त्यावाचून कोणतेही विकर वापरता मात्र येत नाही.

(२८)
बुरशी ही जिवाणू नव्हे, मग तिचा येथे काय संबंध? संबंध रक्ताचा आहे. पुण्याचे हे विकर ‘टी-२’ नावाच्या कुळातले. हे कूळ १९५७ मध्ये जपानमध्ये सातो आणि एगामी यांनी प्रथम ओळखले, तेही जपानी आंबवणाच्या बुरशीपासून बनवलेल्या ‘टाका-डायास्टेज’ या पाचक चूर्णात. एल्सन यांना रायबोसोमवर भेटलेले ई. कोलायचे आरएनेज-१ सुद्धा याच टी-२ कुळातले आहे. २००२ मध्ये देशपांडे आणि शंकर यांनी या संपूर्ण कुळाचा आढावा आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला.

(२९)
आता मोहरी. बॅसिलस ॲमिलोलिक्विफेशियन्स हा मातीतील जिवाणू ‘बार्नेज’ नावाचे ११० अमिनो आम्लांचे आरएनेज बाहेर सोडतो. ते इतके घातक की स्वतः मरू नये म्हणून तो ‘बार्स्टार’ हे प्रथिनही बनवतो. बार्स्टार बार्नेजच्या तोंडावर बुचासारखे घट्ट बसते. अमेरिकेत रॉबर्ट हार्टली यांनी या जोडीवर अनेक वर्षे काम केले. विष आणि उतारा एकाच घरात, अशी ही व्यवस्था.

(३०)
१९९० मध्ये मारियानी, गोल्डबर्ग आणि सहकाऱ्यांनी तिचा अनपेक्षित उपयोग केला. बार्नेजचे जनुक वनस्पतीत अशा रीतीने बसवले की ते फक्त परागांना पोसणाऱ्या पेशींच्या थरातच जागे व्हावे. तेथील आरएनए तुकडे तुकडे होतो, थर मरतो, पराग तयार होत नाहीत. असे झाड स्वतःच्या परागाने फळत नाही, म्हणून त्याचा संकर करणे सोपे. दुसऱ्या पालकातून बार्स्टार आला की संकरित पिढी पुन्हा सुपीक होते.

(३१)
दिल्ली विद्यापीठात दीपक पेंटल यांच्या गटाने याच जोडीतून डीएमएच-११ ही संकरित मोहरी तयार केली : ‘वरुणा’ वाणात बार्नेज, ‘अर्ली हीरा-२’ मध्ये बार्स्टार. ऑक्टोबर २०२२ मध्ये तिच्या पर्यावरणीय प्रसाराला केंद्राची मान्यता मिळाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने परस्परांहून भिन्न निकाल दिले. उत्पादन वाढेल आणि आयात तेलावरचे अवलंबन कमी होईल, असे समर्थक म्हणतात. तणनाशक सहन करण्याचे जनुकही सोबत असल्याने मधमाश्या, शेतमजूर व बियाण्यांवरील हक्क यांचे काय, असे विरोधक विचारतात. बाजू कोणतीही घ्यावी. पण ‘बार्नेज’ या शब्दाचा अर्थ ठाऊक असल्यावाचून घेऊ नये.

(३२)
विष-उताऱ्याच्या अशा जोड्या अनेक जिवाणूंत आहेत. २००३ मध्ये मासायोरी इनोये यांच्या गटाने ई. कोलायचे ‘माझ-एफ’ हे विष म्हणजे ठराविक तीन अक्षरांपाशी हुकूम कापणारे आरएनेज आहे हे दाखवले. क्षयाच्या जिवाणूतही अशा कितीतरी जोड्या आहेत. २०१६ मध्ये तर ‘कॅस-१३’ ओळखले गेले : विषाणूचा आरएनए ओळखून कापणारे, मार्गदर्शक आरएनएच्या बोटाला धरून चालणारे विकर. त्याच्यावर आधारलेल्या रोगनिदान चाचण्या पुढच्याच वर्षी मांडल्या गेल्या.

(३३)
या इतिहासातील बहुतेक वळणे एका रीतीने आली. आधी काहीतरी हरवलेले वाण सापडले, मग जे साठून राहिले त्यावरून न दिसणाऱ्या कात्रीचा अंदाज बांधला गेला. अभिलेखागारात जे दप्तर गहाळ आहे, त्याच्या रिकाम्या जागेवरूनही काही वाचता येते, हे इतिहासाच्या अभ्यासकाला नवे नाही.

(३४)
श्रेयाचा हिशेब मात्र अपुरा राहतो. नोबेलच्या यादीत ओचोआ आणि ऑल्टमन आहेत. ग्रुनबर्ग-मानागो, स्टार्क, गेरिये-ताकाडा, घोरा, मिश्रा आणि ओनो ही नावे जुन्या नियतकालिकांच्या पानांवर, लेखांच्या डोक्यावर, छापलेली आहेत. शोध कोणाचा, असे कोणी विचारले तर निदान ती पाने उघडून पहिल्या लेखकाचे नाव वाचावे.

धागा पूर्ण. शंका, पुरवणी माहिती आणि दुरुस्त्या खाली जरूर लिहाव्यात. 🙏